चिंधाच्या खात्यातली रत्ना

१७ सप्टेंबर २०२५, बुधवार

संपलं एकदाचं! आधी एकतीस जुलै, मग पंधरा सप्टेंबर, मग वर आणखी एका दिवसाची मेहेरबानी. काल दिवसभर आयकराचं पोर्टल नुसतं गरगर फिरत होतं. शेवटचं विवरणपत्र एका दातांच्या डॉक्टरांचं. कागद दिले काल दुपारी चारला, आणि वर सूचना — "घाई करू नका, नीट बघून भरा." चार महिने काय करत होते कोण जाणे.

आज ऑफिस बंद ठेवायचं ठरवलं होतं. डिंपललाही सुट्टी दिली. कॉम्प्युटरचं सगळं काम तीच बघते, बिचारीने आठ दिवस डबा टेबलावरच खाल्ला. तरी अकराला पाय आपोआप ऑफिसकडे वळले. पायरीवर चिंधा बसलेला. आमच्या गावचा चिंधा — सातवीपर्यंत माझ्या शेजारी बसायचा, आता गावात किराणा दुकान चालवतो. नऊपासून बसला होता म्हणे. म्हटलं, फोन का नाही केलास? "तू थकेल व्हशी म्हनीसन नही कया." अशा माणसावर रागावता येत नाही. तरी मी रागावलो.

पिशवीतून त्याने लिफाफा काढला. राज्यकर कार्यालयाची नोटीस, दीड महिन्यापूर्वी आलेली. सरकारी कागद म्हणून त्याने तो देव्हाऱ्यात नारळामागे ठेवला होता, आणि रोज हळदकुंकू वाहत होता. लिफाफ्यावर डाग आहेत.

१८ सप्टेंबर

नोटीस नीट वाचली. मागच्या आर्थिक वर्षात चिंधाच्या क्यूआर कोडवर सत्तेचाळीस लाख जमा झाले. मालाची विक्री वर्षाला चाळीस लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते. चिंधाने घेतलेली नाही. तेव्हा खुलासा करा, नाहीतर सगळी जमा म्हणजे विक्री असं धरून कर, व्याज आणि दंड. मी अंदाज काढला — आठ-नऊ लाख. अर्धा कर राज्याचा, अर्धा केंद्राचा, घाम मात्र पूर्ण चिंधाचा.

त्याचं दुकान मी पाहिलं आहे. बारा बाय दहा. एवढ्या उलाढालीचा माल त्यात ठेवायचा तर चिंधाला स्वतःला झाडावर राहावं लागेल.

"मन्ही इतली इक्री ऱ्हाती ते मी एस्टीमा उना असतू का?" म्हणाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावात बँक नाही, एटीएम नाही. तालुक्याला, एरंडोलला जायचं तर दिवस मोडतो. पोरं कामाला सुरतेला, चाकणला, नाशिकला. ती चिंधाच्या क्यूआरवर पैसे पाठवतात आणि चिंधा त्यांच्या मायबापाला रोख देतो. दर सोमवारी एरंडोलच्या बँकेतून रोकड काढतो, कमरेला बांधून आणतो. सहा-सात वर्षं हेच चाललंय.

विचारलं, "कमिशन किती घेतोस?"

माझ्याकडे त्याने असं बघितलं की मीच कागदात डोकं घातलं. "मायना वयन्या डोकऱ्या शेतस त्या, भाऊ. त्यासनाकडथीन काय लेऊ?"

म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांसाठी फुकट बँक चालवली. आता त्या बँकेचा मॅनेजर माझ्यासमोर बसून घरून आणलेली भाकरी खात होता, आणि मलाही अर्धी देत होता. मी खाल्ली.

२२ सप्टेंबर

आजपासून जीएसटीचे नवे दर. सकाळपासून फोन. साबण कितीचा, बिस्किट कितीचं, जुन्या मालाचं काय करायचं. एकजण म्हणे, "साहेब, वेफर्सवर कमी झाला, मग केळीवरचा कधी होईल?" अरे बाबा, केळीवर होताच कुठे!

२५ सप्टेंबर

चिंधाला घेऊन राज्यकर कार्यालयात. अधिकारी मॅडम चाळिशीच्या आतल्या, तिखट, पण ऐकून घेणाऱ्या. खात्याचा उतारा त्यांनी ओळन् ओळ वाचलेला. एका पानावर बोट ठेवलं — "बारा मे. एका दिवसात दोनशे बारा व्यवहार. एकशे एक, दोनशे एक, पाचशे एक. काय विकलं हो त्या दिवशी?"

चिंधा घाबरून उभाच राहिला. "हिलालनी पोरनं लगीन व्हतं, मॅडम."

मग मी समजावलं. हिलालकडे साधा बटणांचा फोन. हल्ली आहेर करणाऱ्यांच्या खिशात नोटा नसतात. म्हणून चिंधाचा क्यूआर मांडवात आहेराच्या टेबलावर चिकटवला, वर कुंकवाचं बोट लावून. संध्याकाळी चिंधाने सगळी रक्कम हिलालला मोजून दिली. गेली दोन-तीन वर्षं आमच्याकडे सगळ्या लग्नांत असंच करतात. मॅडम हसल्या. चिंधाच्या कपाळावरचा घाम बघून त्यांनी त्याला पाणीही दिलं.

पण नियम नियम आहे. "मला कळतंय सगळं. फाईलला कसं कळणार?" असं म्हणाल्या. प्रत्येक रकमेसाठी पत्र हवं. पाठवणारा कोण, घेणारा कोण, कारण काय, आणि दोघांच्या सह्या. पत्र असेल ती रक्कम विक्रीतून वजा होईल, नसेल ती होणार नाही. मुदत अठ्ठावीस नोव्हेंबर. वाढवून मागितली, मिळाली नाही. वाईट बाई नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच मागितलं असतं.

हिशेब असा — खात्यातले सत्तेचाळीस, गल्ल्यातली रोख विक्री सात, एकूण चोपन्न लाख. चाळीसच्या खाली यायचं तर चौदा लाखांच्या वर रक्कम लोकांची आहे असं दाखवावं लागेल. फी विचारली चिंधाने. म्हटलं, आधी पत्रं आण.

५ ऑक्टोबर, रविवार

गावी गेलो. मसुदा मीच करून नेला होता — नाव, नातं, रक्कम, कारण, सही. डिंपलने तीनशे प्रती काढल्या. दुकानासमोर बाक टाकून बसलो. चिंधाची वही शेजारी. तिच्यात त्याने तारखेवार लिहिलंय कोणाचे पैसे कोणाला दिले. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण चूक एकही सापडली नाही!

लोकांना वाटतं कराच्या कागदावर सही केली की उद्या कर आपल्याच दारात. एकाला भीती रेशनकार्ड जाईल, दुसऱ्याला शेतकऱ्यांचे दोन हजार बंद होतील. तानुबाई — ऐंशीच्या पुढची, निराधार योजनेचे पैसे घेते — अंगठा पुढे करून म्हणाली, "आंगठा लई ले बापू, पन मन्हं पगार बंद व्हई का?" म्हटलं, नाही आक्का, उलट नातवाने पाठवलेले पैसे तुमचेच आहेत असा पुरावा होईल. "त्याले पुरावा काबरं लागस? नातू मन्हाच शे." मी शाईचा डबा पुढे केला. हिलालने लग्नपत्रिकाच जोडायला आणली. "मन्ही पोरनं लगीन नोटीसमा उनं का, भाऊ?" असं सगळ्यांना अभिमानाने सांगत होता.

'कारण' या रकान्यात काय काय आलं — औषधाला, म्हशीला, चष्म्याला, घराच्या पत्र्याला. एका म्हाताऱ्याने लिहायला लावलं, "आठवण येते म्हणून." मी म्हटलं, असं चालणार नाही, खर्चाचं कारण द्या. मग त्याने विचार करून सांगितलं, बिडीला.

दुपारी मायकडे जेवलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, एकटी राहते. जळगावला चल म्हटलं की तुमच्या मेहरूणमध्ये डास फार आहेत म्हणते. कळण्याची भाकरी, वर ठेचा. बोललो इकडचं तिकडचं. धाकट्या भावाचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. बारा वर्षं हे असंच.

६ ऑक्टोबर

पाठ दुखतेय. एकशे चार पत्रं झाली. बाहेरगावच्या पोरांच्या सह्या येत आहेत, कुरिअरने.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची खरेदी सोडून डिंपलने आज बेरीज केली. पत्रं आली ती रक्कम तेरा लाख अठ्ठावन्न हजार. हव्यात चौदाच्या वर. कमी पडतात बेचाळीस हजार. ज्यांनी नाही म्हटलं ते ठाम नाही म्हणतात, दोघे वारले, एक कुटुंब गाव सोडून गेलं. मी स्वतः तीनदा गेलो त्यांच्या दारांत.

एकच मोठी रक्कम उरली. दर महिन्याच्या सात तारखेला पाच हजार, बारा महिने, एकूण साठ हजार. पाठवणारी रत्ना सोनवणे, बँकेची शाखा उधना, सुरत. एकही महिना चुकला नाही. ही एक रक्कम सुटली की चिंधा चाळीसच्या खाली! वहीत बघितलं. बाकी सगळीकडे नाव, आणि या बारा ओळींत नावाच्या जागी नुसतं टिंब.

दिपमालाला सांगितलं. "चिंधा या वयात! बघ तू." ती करंजीला मुरड घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला माणसांत आधी भानगडच दिसते का हो?"

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

ऑफिसात पूजा केली. चोपडीच्या जागी आता लॅपटॉप. डिंपलने त्याला हळद लावू दिली नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज जे केलं ते लिहायचं की नाही असं वाटत होतं. लिहितो.

गावी गेलो ते रत्नाचं नाव विचारायला. चिंधा दुकानात, मागे त्याची बायको प्रमिलाबाई साखर तोलत होती. म्हटलं, "ही रत्ना कोण? पैसे कोणाला देतोस?" तो वजनं पुसायला लागला. पुन्हा विचारलं. "तितलं सोडी दे, भाऊ. ते मन्हीच इक्री शे असं लिखी टाक."

समजावलं त्याला. एक नाव सांगितलंस तर सुटतोस, नाहीतर आठ-नऊ लाख. दुकान जाईल, घरावर येईल. "जाई ते जाई," म्हणाला. "नाव मी नही सांगाव. कोन्ही माले इस्वास टाकीसन दिधेल शे."

माझं डोकं फिरलं. महिनाभर मी याच्यासाठी दारोदार फिरतोय, एक पैसा न घेता, आणि हा मला विश्वासाच्या गोष्टी सांगतो! बोलून गेलो — "बाईचं प्रकरण असेल तर तसं सांग. मी कोणाला बोलणार नाही." मोठ्याने बोललो. बाकावर दोन माणसं बसलेली होती. प्रमिलाबाईचा हात साखरेच्या पोत्यात तसाच राहिला.

चिंधा लाल झाला. मान खाली घालून वजनं पुसत राहिला. प्रमिलाबाईच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, च्या ली ल्या." मी घेतला नाही. मायकडेही न जाता परत आलो. एसटीत मागच्या सीटवर बसून स्वतःशीच भांडत होतो.

३ नोव्हेंबर

डिंपल म्हणाली, "सर, त्या नंबरवर फोन करून बघू का?" नको म्हटलं. ज्याने मला वकीलपत्र दिलं त्याच्या पाठीमागे जाऊन चौकशी करायची नाही, हा धंद्याचा नियम. नियम पाळला याचं समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मॅडमना भेटलो. विचारलं, एक रक्कम पत्राशिवाय धरता येईल का? बँकेतून दर सोमवारी काढलेल्या रोकडीच्या नोंदी आहेत, सगळ्या जुळतात. "एकाची धरली तर सगळ्यांची धरावी लागेल, साहेब." बरोबर आहे त्यांचं. तरी जिना उतरताना त्यांच्यावर आणि चिंधावर दोघांवर सारखाच राग.

११ नोव्हेंबर

नोटीस कळल्यापासून चिंधाने पैसे देणं बंद केलं आहे. क्यूआर फाडून टाकला, पाटी लावली — फक्त रोख. तानुबाईचा नातू चाकणहून फोन करतो, आजीला पैसे कसे पोचवू? गेल्या आठवड्यात ती एरंडोलला गेली एकटी, बँकेत अंगठा जुळला नाही, तशीच परत आली. येताना स्टँडवर चक्कर आली. कोणीतरी उसाचा रस पाजला, म्हणून निभावलं.

हे सगळं हिलालने फोनवर सांगितलं. चिंधाने दुकानासाठी गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली आहे, हेही. गाव त्याच्यावर चिडलंय की एक नाव सांगत नाही, आणि माझ्यावर चिडलंय की मी सोडवत नाही. मला स्वतःलाही माझा राग येतोच आहे. कायद्याने मी काही चुकलेलो नाही, पण मला त्या माणसासमोर जायची लाज वाटते.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज माय आली.

सकाळी दहाला बेल वाजली. दारात माय, एकटी, हातात कापडी पिशवी. पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट म्हणून आले, असं दिपमालाला सांगितलं. पाणी प्यायली. चहा नको म्हणाली. मग माझ्याकडे न बघता बोलली, "तुन्हा तो कागद आन. नाव लिखाना."

मला कळेना. "कोणता कागद?"

"रत्ना म्हंजे समाधाननी बायको शे. खातं माहेरना नावनं शे. त्या पाच हजार मी लेस. चिंधाकडथीन. लिख."

दिपमाला स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

समाधान — माझा धाकटा भाऊ. माझ्याच ऑफिसात होता. तेव्हा व्हॅट होता, व्यापारी चलन भरायला रोख रक्कम आमच्याकडे देऊन जायचे. २०१३ साली त्याने त्यातले चार लाख एका भिशीत घातले — दोन महिन्यांत दुप्पट होतात म्हणून. भिशीवाला पळाला. व्यापाऱ्यांना नोटिसा आल्या तेव्हा मला कळलं. मी कर्ज काढून सगळ्यांचा कर भरला, दंडासकट. आणि समाधानला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हाताला धरून बाहेर काढलं. मायला गावी जाऊन सांगितलं होतं — त्याचा एक रुपया या घरात आला तर मी पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.

ती ते विसरली नव्हती. म्हणून चिंधा. म्हणून टिंब.

"तानुबाई बोलनी, एक नावपायी चिंधानं दुकान जाई ऱ्हायनं. ते नाव मन्हं व्हतं. मी आंधी येवाले पाहिजे व्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "सात वरीसनी पोर शे त्यासले. तुन्हासारखीच तोंडायी, चुरुचुरु बोलस."

मी विचारलं, कारण काय लिहू? "लिख, मन्हा खर्चाले." लिहिलं. तिने सही केली. भिकुबाई, चार अक्षरं, एकेक सुटं. मी तिला दर महिन्याला औषधं पाठवतो, गॅस भरून देतो, दिवाळीला लुगडं नेतो. आणि खर्चाला पैसे ती त्याच्याकडून घेते! हे लागलं मला. खरं सांगायचं तर चिंधाच्या नोटिशीपेक्षा जास्त लागलं.

जेवायला थांब म्हटलं. थांबली. दुपारच्या गाडीला दिपमाला सोडून आली.

१७ नोव्हेंबर

चिंधाला फोन केला. माफी मागायची होती. मागता आली नाही नीट. म्हटलं, "मायने सही दिली." तो एवढंच म्हणाला, "मी नही सांगं हां, भाऊ. डोकरीले मी नही धाडं." प्रमिलाबाईंना फोन दे म्हटलं. त्या म्हणाल्या, दळण चाललंय, मंग बोलसूत. दोन माणसांसमोर मी त्या बाईच्या नवऱ्याला काय म्हणालो! आणि तो माझ्याच मायसाठी ते ऐकून घेत राहिला. असा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि मी त्याला मूर्ख समजत होतो.

पाठवणाऱ्याची सही अजून हवी. रत्नाची.

१८ नोव्हेंबर

मी फोन केला नाही. डिंपलने केला. तिला म्हटलं, ऑफिसातून बोलतेय एवढंच सांग, मसुदा पाठव, सही करून कुरिअरने मागव. तिने फोन स्पीकरवर ठेवला, मुद्दाम ठेवला असणार. बाईचा आवाज शांत होता. म्हणाली, "खाली ते सही करतील चालेल का? पैसे त्यांच्याच कामाचे आहेत, खातं फक्त माझं." डिंपलने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दोघांनीही करा म्हणावं.

मागून कोणीतरी लहान मुलगी विचारत होती, कोणाचा फोन आहे, कोणाचा फोन आहे.

२१ नोव्हेंबर

कुरिअर आलं नाही. मुदतीला सात दिवस.

२२ नोव्हेंबर

आज दोनदा कुरिअरच्या ऑफिसात जाऊन आलो. तिथला माणूस म्हणाला, साहेब, आलं की आम्हीच आणतो ना. दिपमाला म्हणते, पत्राची वाट बघताय की पत्र लिहिणाऱ्याची?

२४ नोव्हेंबर, सोमवार

पत्र आलं. रत्नाची सही, खाली समाधानची. कारणाच्या रकान्यात त्याचं अक्षर — "मोठ्या भावाचे चार लाख देणे आहे. माय दर आखाजीला त्यांच्याकडे पोचवते. बाकी राहिले चाळीस हजार."

दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माय माझ्या हातावर साठ हजार ठेवते. शेताचा ठोका, म्हणजे वर्षाचा खंड, म्हणून. आमचं शेत अभिमन करतो, त्याला लगेच फोन लावला. तो म्हणाला, "ठोका कसाना, भाऊ? मायले मी दोन पोता दादर ज्वारी देस, तितलंच ठरेल शे." सहा आखाज्या झाल्या. सहा वर्षं मी माझ्या स्वतःच्या विवरणपत्रात लिहितोय — शेती उत्पन्न साठ हजार, करमुक्त. दीड महिना गावभर ज्याला त्याला विचारत फिरलो की हे पैसे कशाचे. मायला एकदाही विचारलं नाही.

फाईल पूर्ण करून साडेअकराला मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी रकाने तपासले, शिक्का मारला, म्हणाल्या, चाळीसच्या खाली आहे. चिंधाला कळवलं. सुरतेच्या दुपारच्या गाडीचं तिकीट काढलंय. तिथे जाऊन काय बोलणार, असं दिपमाला विचारत होती. आधी पोरीचं नाव विचारणार.